घर दाखवण्याआधी: ओल, पाणी आणि उतारा

बारामती-इंदापूर भागात जुनं घर बघायला आलेला जाणता माणूस रंगाकडे नंतर बघतो. आधी तो भिंतीच्या बुडाशी वाकतो, जमिनीपासून हातभर उंचीवर तळहात टेकवतो आणि नखाने गिलावा जरा खरवडतो. नखाला पांढरी भुकटी लागली की बोलणं थंडावतं. मग हॉल कितीही ऐसपैस असू दे, ओट्याला नवा ग्रॅनाइट असू दे, "घरी विचारून सांगतो" एवढंच उत्तर मिळतं आणि तो माणूस पुन्हा फिरकत नाही. विकणाऱ्याला कळत नाही आपलं कुठे चुकलं. त्याने तर दोनच महिन्यांपूर्वी घराला आतून-बाहेरून रंग दिलेला असतो. चुकलेलं असतं ते तिथेच. ओल्या भिंतीवर रंग दिला की ती ओल झाकली जात नाही, उलट महिन्या-दोन महिन्यांत पोपडे होऊन बाहेर येते आणि घरमालक काहीतरी लपवतोय एवढं मात्र सांगून जाते.

अमेरिकेत विकाऊ घर सजवून देणं हा स्वतंत्र व्यवसायच आहे. 'होम स्टेजिंग' या नावाने तो गेल्या काही दशकांत तिकडे चांगला रुजला. भाड्याचं फर्निचर मांडायचं, घरच्यांचे फोटो उतरवून ठेवायचे, भिंतींना फिकट रंग द्यायचा, म्हणजे येणाऱ्याला ते घर आपलं वाटू लागतं. आपल्याकडे बिल्डर दाखवतात तो 'सॅम्पल फ्लॅट' त्याच जातीचा. हे सगळं टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण बारामती, भिगवण, इंदापूर, वालचंदनगर, निमगाव केतकी या पट्ट्यात घर अडून राहतं ते सजावटीवाचून नाही. ते अडतं ओलीपाशी, पाण्यापाशी आणि सगळ्यात जास्त कागदापाशी.

याचं कारण अर्थशास्त्रात छान उलगडलेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये याच विषयातल्या कामासाठी त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. मोटारीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. आणि आपल्याला तो माहीत नाही हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो चांगल्या मोटारीलाही खराब मोटारीचा अंदाज धरूनच भाव सांगतो. घराचं अगदी तसंच होतं. शंका मोकळी राहिली की तिची किंमत घेणारा स्वतःच ठरवतो, आणि ती नेहमी दोषाच्या दुरुस्तीपेक्षा जास्त असते. घर लवकर विकायचं असेल तर येणाऱ्याच्या मनात कोणकोणत्या शंका येणार याचा विचार आधी करायचा आणि त्यांची उत्तरं तयार ठेवूनच दार उघडायचं.

आता ओलीचं बघू. या भागात पाऊस बेताचा, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. अवर्षणाचा मुलूख. मग भिंतींना ओल येते कुठून? नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला आणि इथला कोरडवाहू माळ हळूहळू उसाखाली आला. खोल काळ्या जमिनीत बारमाही पाणी मुरत राहिलं, निचरा मात्र झाला नाही. भूजल वर चढलं आणि येताना क्षार घेऊन आलं. कितीतरी रानं चोपण झाली. हा प्रश्न एवढा मोठा होता की मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यातले इंग्लिस आणि गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींचा अभ्यास करून १९२८ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांना हा इतिहास तोंडपाठ आहे, कारण त्यांनी तो रानात भोगलाय. पण ज्या पाण्याने रान चोपण केलं तेच पाणी रानाशेजारच्या घराच्या पायात चढतं, हे घर विकताना सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

वीट, दगडातला चुना, सिमेंटचा गिलावा या सगळ्यांत केसाहून बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी आपोआप वर खेचलं जातं. दीड-दोन फुटांवर, कधी कंबरेपर्यंत पोचून ते भिंतीच्या पृष्ठभागावरून वाळतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक गिलाव्याच्या आत वाढू लागतात आणि वाढताना गिलावा बाहेर ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. अशा भिंतीला ऑइलपेंट किंवा चकचकीत प्लॅस्टिक रंग दिला की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी मग आणखी वर चढतं आणि रंगाच्या पट्टीच्या वर नवी रेषा उमटते. भिंतीच्या बुडाशी टाइल्स लावल्या तरी हेच होतं. इथल्या कितीतरी घरांत तीन फूट टाइल्स आणि त्यावर पोपड्यांची ओळ दिसते, ती अशीच.

ओल जमिनीतून येते की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे घरच्या घरी कळतं. भिंत कोरड्या फडक्याने पुसून फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या अंगाला जमले तर खिडक्या उघडून हवा खेळती ठेवली की बरंचसं भागतं. ही चाचणी कालव्याचं आवर्तन चालू असताना एकदा आणि बंद झाल्यावर एकदा केली तर चित्र आणखी स्पष्ट होतं.

उपाय बाहेरून सुरू होतो. आधी घराभोवती एक फेरी मारा. न्हाणीचं पाणी कुठे जातं, गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा ते पाणी कोणत्या भिंतीवरून उतरतं, जास्वंदीचं आळं जोत्याला लागून आहे का, पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडतात का. गावठाणातल्या आळ्यांमध्ये आणखी एक गोष्ट हमखास सापडते: रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडत गेला, रस्ता उंच झाला आणि घराचं जोतं खाली गेलं. मग पावसाचं पाणी थेट भिंतीशी साचतं. जोत्याभोवती दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा केला आणि पाणी गटारापर्यंत नेऊन सोडलं, तर निम्मं काम होतं. मग खराब झालेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सोलून काढायचा. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. भिंत काही महिने उघडी सुकू द्यायची आणि नंतर चुन्याचा किंवा चुनामिश्रित, हवा जाऊ देणारा गिलावा करायचा. पीओपी इथे नको, जिप्सम ओलीत टिकत नाही. जोत्याच्या रेषेत भोकं पाडून ओलरोधक रसायन भरण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. काम नीट झालं तर तिचा उपयोग होतो, पण बाहेरचं पाणी न वळवता ती केली तर पैसे पाण्यातच जातात.

दिवाळीला घर विकायला काढायचं असेल तर गिलावा हिवाळ्याच्या शेवटी किंवा उन्हाळ्यात सोलायला हवा, हे यातून ओघानेच आलं. आणि तेवढा वेळच नसेल तर? तर भिंत आहे तशी ठेवा, रंग देऊ नका, दुरुस्तीचा अंदाज एखाद्या गवंड्याकडून लिहून घ्या आणि येणाऱ्याच्या हातात द्या. हे नुसतं भलेपणाचं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे. त्यानुसार विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्यच आहे.

भेगांचंही असंच. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि उथळ पायाचं घर त्या मातीबरोबर वर्षातून दोनदा हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग बहुधा यातलीच असते. ती जिवंत आहे की जुनी, हे बघायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. पावसाळा आणि उन्हाळा असे दोन्ही ऋतू जाऊनही काच शाबूत असेल तर भेग थांबलेली आहे. बघायला आलेल्या माणसाला हवेतलं आश्वासन देण्यापेक्षा ती तारीख लिहिलेली काच दाखवणं कितीतरी चांगलं. तडा गेला असेल तर मात्र लिंपण्याआधी अभियंत्याला बोलवा.

पाण्याबद्दल इथे कुणी "पाणी आहे का?" असं विचारत नाही. विचारतात, "नळाला किती दिवसाआड आणि किती वेळ? बोअर उन्हाळ्यात टिकतो का?" बारामती शहराचं पाणी नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांतून येतं. शहराबाहेरच्या वस्त्यांवर आणि खेड्यांत बोअर, विहीर, पाणीपुरवठा योजना असं सगळं मिळून चालतं. म्हणून घर दाखवायची वेळ शक्य तर नळाच्या वेळेशी जुळवा, बोअर चालू करून दाखवा, त्याची खोली, मोटर कधी बसवली, उन्हाळ्यात किती वेळ चालते, हे एका कागदावर लिहून ठेवा. पाणी तपासून घेतलं असेल तर तो अहवालही ठेवा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्याचे पांढरे थर नळांवर आणि बाथरूमच्या टाइल्सवर बसतात आणि दहा वर्षांचं घर तीस वर्षांचं दिसू लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून, फडकं भिजवून तासभर त्या जागी ठेवलं की थर सुटतो. ॲसिड ओतू नका. ते टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं, आणि मोझॅकची किंवा शहाबादी फरशी असेल तर तिचीही रया जाते.

कागदाशी आलो की खरी कसोटी लागते. घर बघून पसंत पडलं, भावही जमला आणि मग सहा-सहा महिने व्यवहार लोंबकळला, असं या दोन्ही तालुक्यांत अनेकदा घडतं, आणि बहुतेक वेळा कारण उताऱ्यात सापडतं. आता बरेच जण गृहकर्ज घेऊन घर घेतात. म्हणजे तुमचं घर दोघांना पसंत पडावं लागतं, घेणाऱ्याला आणि त्याच्या बँकेला. बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध अहवाल काढतो आणि त्याला तुमच्या अंगणातली तुळस दिसत नाही. त्याला फक्त नोंदी दिसतात.

घर गावठाणात असेल तर पुष्कळ लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतात. तो घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव आहे म्हणजे कर त्या नावाने भरला जातो, मालकी सिद्ध होत नाही. गावठाणांचं भूमापन पुष्कळ ठिकाणी झालेलंच नव्हतं, म्हणून मालमत्ता पत्रकही नव्हतं. ही उणीव भरायला ड्रोनने गावठाणं मोजायचं काम हाती घेण्यात आलं, आणि त्याचा पहिला प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली आणि गावोगावी मालमत्ता पत्रकं तयार होऊ लागली. तुमच्या गावाचं काम झालं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून पत्रक काढा आणि नाव, क्षेत्र, चतुःसीमा ताडून बघा. चूक घर बाजारात आणण्याआधी दुरुस्त करणं सोपं असतं, कारण तेव्हा मागे कुणी लागलेलं नसतं.

घर सातबाऱ्यावरच्या जमिनीवर असेल तर पहिला प्रश्न अकृषिक परवानगीचा, आणि दुसरा तुकड्याचा. एमआयडीसी वाढली, शाळा-कॉलेजं वाढली तशी शहराच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली गेली, लोकांनी आयुष्याची कमाई घालून तिथे घरं बांधली, आणि सातबारा मात्र पाच-सात जणांचा सामाईकच राहिला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे अशा खरेदी-विक्रीला वर्षानुवर्षं अडचण होती. अलीकडे सरकारने त्यात मोठी सवलत देऊ केली आहे. तुमचा प्लॉट त्यात बसतो का, हे तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आणि एखाद्या जाणत्या वकिलाकडे विचारून घ्या, आणि विचारा ते आत्ता, गिऱ्हाईक दारात आल्यावर नव्हे. मोजणीचंही तसंच. शेजाऱ्याच्या बांधाची किंवा बोळाची कुरबुर असेल तर भूमी अभिलेखची मोजणी करून 'क' प्रत हाताशी ठेवा. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग, म्हणजे पाटसहून बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकीवरून इंदापूरकडे जाणारा रस्ता, आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. त्या रुंदीकरणात ज्यांची काही जागा गेली त्यांच्या उताऱ्यावरचं क्षेत्र आणि जाग्यावरचं क्षेत्र जुळतंय का, कमी-जास्त पत्रक झालंय का, हे बघायला विसरू नका. रस्त्याला लागून आहे म्हणून भाव चढा सांगायचा आणि मोजायला गेल्यावर दोन मीटर कमी भरायचे, यातून सौदा तुटतोच, वर नावही खराब होतं.

इंदापूर तालुक्यात आणखी एक बाब आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की अजून वर येतं. ती माणसं नव्या गावठाणांत वसली. पुनर्वसनात मिळालेली जमीन किंवा प्लॉट पुष्कळदा भोगवटादार वर्ग २ चा असतो, आणि वर्ग २ ची मिळकत सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घर चाळीस वर्षं वापरात आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून कायद्याला तेवढं पुरत नाही. सातबाऱ्यावर भोगवटा वर्ग लिहिलेला असतो. तो आज बघा.

'इतर हक्क' या रकान्यातही डोकवा. विकास सोसायटीचं कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण बोजा तसाच राहिलेला असतो. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन तो कमी करता येतो. मात्र फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, त्यामुळे हे आयत्या वेळी होत नाही. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, ना हरकत दाखला आणि आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी लागते.

आणि बहिणी. याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण इथे घरं विकायची राहतात आणि नातीही तुटतात. वडील गेले, मृत्युपत्र नाही, भावाने वारस नोंद लावली पण बहिणींची नावं टाळली, किंवा टाकली आणि मग ती "फक्त नावापुरती" आहेत असं समजला. वडिलांची स्वतःची मिळकत असेल तर मृत्युपत्राअभावी ती आई, मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाते. वडिलोपार्जित मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि २००५ ला वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. घेणाऱ्याचा वकील जाहीर नोटीस देतोच. आपलं माहेरचं घर विकलं जातंय हे बहिणीला पेपरातून कळलं तर ती हरकत घेणारच, आणि तिचं चुकतं असं मला वाटत नाही. रंगारी बोलावण्याच्या आधी बहिणीकडे जा, भाव काय येईल ते सांगा, तिचा हिस्सा किती ते ठरवा. तिने आपखुशीने हक्कसोड दिलं तर ते नोंदणीकृत करा. हिस्सा हवा असेल तर खरेदीखतात तिची सही आणि तिच्या नावाचा चेक, दोन्ही असू द्या.

एवढं झालं की घर दाखवण्याजोगं करायला आठवडाभर पुरतो. खोल्या मोकळ्या करा. माळ्यावरची पिंपं, मोडक्या खुर्च्या, जुनी पुस्तकं, कोपऱ्यातलं खताचं पोतं हे सगळं हलवलं की तीच खोली दीडपट दिसते. पालखी दारावरून जाते त्या गावांना हे शिकवावं लागत नाही. वारकरी येणार म्हणून जशी आवराआवर होते तशीच ही करायची. दिवे सगळे चालू असू द्यात, करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घाला, गळका नळ बदला. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या भिंतीवरचा चिकटा आणि एक्झॉस्ट पंख्याची जाळी स्वच्छ करा. घरात येणारी बाई तिथेच बघते, आणि निर्णय बऱ्याचदा तिचाच असतो. गोठा लागून असेल तर उकिरडा आधी हलवा. शेतकरी गिऱ्हाईकाला गोठा सोय वाटते, मेडिकल कॉलेजात किंवा एमआयडीसीत नोकरीला आलेल्या कुटुंबाला माशा दिसतात.

अमेरिकन सल्ल्यातला घरच्या खुणा पुसून टाकण्याचा भाग मात्र मला आपल्याकडे पटत नाही. देवघर रिकामं करून ठेवलेलं घर इथे ओकंबोकं वाटतं, आणि म्हातारी माणसं त्याचा वेगळाच अर्थ काढतात. देव जागेवर असू द्यात, दिवा लावलेला असू द्या. दार दक्षिणेला आहे म्हणून ते फोडून दुसरीकडे करण्याचा खर्चही करू नका. ज्याला दिशेचा प्रश्न आहे तो तुमच्या फोडकामाने समाधानी होत नाही, आणि ज्याला नाही त्याला एक ताजी जोडलेली भिंत दिसते. वरच्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या असतील तर त्यांचे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार जवळ ठेवा. येणारं भाडं हा घेणाऱ्याला मोठा आधार असतो, पण तोंडी ठेवलेला भाडेकरू ही नवी शंका. फोटो सकाळच्या उन्हात काढा, आणि त्यात जोतं, गच्ची, पाण्याची टाकी हेही येऊ द्या, कारण पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावातल्या आईवडिलांसाठी घर शोधताना आधी मोबाईलवरच बघतो.

घर कधी काढायचं याचंही इथे एक गणित आहे. उसाचं गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतं. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांची बिलं जमा होऊ लागली की बागायतदाराच्या हातात रक्कम येते आणि मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर घ्यायचा विचार पक्का होतो. शाळा-कॉलेज जूनला सुरू होतात, म्हणजे ताबा मे महिन्यात हवा असतो. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या दोन मुहूर्तांवर विसार देणं लोकांना आवडतं. पितृपक्षात सहसा कुणी घर बघायलाही येत नाही. त्यामुळे माझ्या मते संक्रांतीच्या सुमाराला घर दाखवायला काढावं. तेव्हा भिंतीही कोरड्या असतात.

भाव ठरवताना माणूस आपण किती खर्च केला ते आठवतो. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी १९९० च्या दशकातल्या बोस्टन शहरातल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास करून २००१ मध्ये दाखवलं की ज्यांना खरेदीपेक्षा कमी भाव येणार होता ते मालक बाजारापेक्षा चढा भाव सांगत होते, आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत होती. आपल्या गावात ही किंमत आणखी जड पडते. घर वर्षभर विकाऊ राहिलं की चौकात बोलणं सुरू होतं, "काहीतरी भानगड असणार, नाहीतर इतक्यात गेलं नसतं का?" म्हणून पहिला भावच बेताचा सांगा. शेजारच्या दोन-तीन अलीकडच्या व्यवहारांची सूची २ काढून बघा, रेडी रेकनरचा दर बघा, आणि एखाद्या बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांककाकडून किंमत काढून घ्या. सूचीवरचा आकडा आणि खरा व्यवहार यांत कधी फरक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तरी वाऱ्यावरच्या गप्पांपेक्षा तो आधार बरा.

भाव जमला की विसार पावतीवर काय लिहिलंय ते दहादा वाचा: एकूण किंमत, साठेखत आणि खरेदीखत कधी, कर्ज मंजूर न झाल्यास विसाराचं काय, घरासोबत पंखे, मोटर, टाकी, इन्व्हर्टर यांतलं काय देणार. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे विसारसुद्धा चेकने किंवा बँकेतून घ्या. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का कर कापून भरतो, तो तुमच्या नावावर जमा झालाय का ते पडताळा. नफ्यावरच्या कराचा हिशेब सीएकडून खरेदीखताच्या आधी करून घ्या, कारण नवीन घरात रक्कम गुंतवून सवलत घ्यायची असेल तर त्याच्या मुदती विक्रीच्या तारखेपासून मोजल्या जातात.

खरेदीखत झाल्यावर किल्ल्या देताना महावितरणचं शेवटचं बिल, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, बोअरच्या मोटरचं हमीपत्र आणि सेप्टिक टँकचं झाकण नेमकं कुठे आहे हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, एवढं सगळं एका फायलीत घालून द्या. मग महिन्याभराने उतारा काढून मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर घेणाऱ्याचं नाव लागलं का, आणि वीजमीटर त्याच्या नावावर गेला का, ते बघून घ्या. नाव तुमचंच राहिलं तर उद्याच्या थकबाकीची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.